लग्नावाचून दिलेलं आवतण

हे सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. टाळायला कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. लोक विचारायचे ते वेगळंच. साठीनंतर एम.ए. करावंसं कसं वाटलं, तरुण मुलांत बसायला लाज वाटली नाही का, अभ्यास झेपला का. त्यांची गोड उत्तरं मला पाठ आहेत. मागच्या महिन्यात आमच्या विभागाच्या स्मरणिकेसाठी तसलाच एक लेख मी लिहून दिला. त्यात एक वाक्य आहे: ‘वर्गातल्या एका कोळी मुलीने मोठ्या मनाने आपल्या घरची गाणी माझ्या हाती दिली.’ लेख छापून आल्यावर चार जणांनी फोन करून कौतुक केलं. त्या वाक्याचं तर एका बाईंनी विशेष कौतुक केलं.

ते वाक्य खोटं आहे. मन मोठं होतं हे खरं. पुढचं मी गाळलं आहे.

मी पनवेलचा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. पनवेलमध्ये आमची घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. माझी दोन्ही मुलं इस्राएलला गेली, बायको गेली ती कायमची. मी तेहतीस वर्षं तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काढली आणि निवृत्त झाल्यावर करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत बसलो. विद्यापीठाचं एक केंद्र तेव्हा पनवेलमध्ये चालायचं. तिथे तौलनिक साहित्य हा विषय होता आणि जागा रिकाम्या होत्या. मला घेतलं ते त्यामुळे. वर्तमानपत्रात नंतर जिद्द वगैरे छापून आलं.

तौलनिक साहित्य म्हणजे काय हे मला प्रवेश घेईपर्यंत ठाऊक नव्हतं. दोन पुस्तकं शेजारी ठेवायची आणि सरस कुठलं ते सांगायचं, असा माझा समज. प्रयोगशाळेत तेच करत आलो होतो. एका बाटलीत मानक, दुसऱ्या बाटलीत नमुना. जुळलं तर पास. पहिल्या सत्रात आम्हाला दोन प्रांतांतल्या लोककथा दिल्या आणि मी उभा राहून एक कथा पास केली, एक नापास. बाई फळ्याकडे वळल्या. बाई म्हणजे आमच्या प्राध्यापक, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मागच्या बाकावरून आवाज आला:

“काका, तुमी तुलना करता का रिपोर्ट देता?”

वर्ग हसला. बाईही हसल्या. मी मागे वळून पाहिलं. बावीस-तेवीसची मुलगी, सावळी, केसांत अबोलीचा गजरा. पनवेल-उरणच्या मधल्या खाडीवरच्या कोळीवाड्यातून ती यायची. मी तिला म्हणालो, “आधी नीट मराठी बोल, मग मला विचार.”

“नीटच बोलतंय. तुमच्या कानाला सवय नाय.”

तेव्हापासून आमचं जमलं नाही. ती नाही म्हटलं तरी वर्गात सर्वांत हुशार होती आणि मला ते सहन होत नव्हतं. मी तिच्या बोलण्यातल्या चुका काढायचो. ती माझ्या वयाचा मान ठेवून ‘काका’ म्हणायची आणि त्याच वाक्यात मला सोलून काढायची. बाईंना यात काय दिसलं देव जाणे. दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रबंधिकेसाठी जोड्या लावल्या तेव्हा आम्हा दोघांना एकत्र टाकलं. अट अशी की प्रत्येकाने आपल्या घरातली गाणी दुसऱ्याला द्यायची आणि दुसऱ्याने त्यांवर लिहायचं. स्वतःच्या घरावर कुणी लिहायचं नाही.

माझ्याकडे आईची वही होती. मेंदीच्या दिवशी आणि मालिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, वेळी आमच्या बायका म्हणत ती मराठी गाणी आईने त्यात उतरवून ठेवलेली. अक्षर देवनागरी, फक्त देवाचं नाव तेवढं हिब्रू अक्षरांत. ती वही मी वर्गात तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती लगेच पिशवीत टाकली नाही. दोन्ही हातांत धरून विचारलं, “ही कुठं ठेवायची नाय ते सांगा.”

मी जरा गडबडलो. माझ्या मुलांनीही मला हे कधी विचारलं नव्हतं. म्हणालो, “जमिनीवर नको. स्वयंपाकघरात नको.”

“आनि?”

“आणि ते हिब्रूतलं नाव. आम्ही ते लिहिलंय तसं वाचत नाही. त्या जागी दुसरा शब्द म्हणतो. ते लिहिलेला कागद फाटला तर टाकत नाही, पुरतो.”

ती “बरं” म्हणाली.

तिच्याकडे वही नव्हती, आत्या होती. आत्या धवलारीण. कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात विधींची गाणी म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गाणी म्हणजे धवले. भटजी येवो न येवो, धवलारीण आल्याशिवाय त्यांच्या गावात हळद लागत नसे. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती आपले धवले या भाचीला शिकवत होती, आणि तिच्यामागे गावच्या लग्नांत उभी राहणार ती हीच, हे ठरलेलं होतं. विद्यापीठात शिकणारी धवलारीण. पोरीला त्याचा कोण अभिमान. एम.ए. झाल्यावर काय करणार असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “लग्नं लावीन. तुमचंपन लावते, बोला.”

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर जाळं पसरलेलं, आत्या पाटावर. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाचीला म्हणाली, “म्हातारा विद्यार्थी म्हनतेस तो ह्यो?” मग दोन तास सांगत राहिली. मी लिहून घेतलं, चाल कानात बसवली. मध्ये एका जागी ती थांबली आणि सरळ पुढच्या गाण्यावर गेली. काहीतरी सुटलं हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं.

“ते आवतण हाय,” आत्या म्हणाली. “घरातल्या मेलेल्यांना लग्नाला बोलवायचं. ते मांडवातच म्हनतात. लग्न नसताना बोलवलं तर ते येतात, आनि जेवन नाय, मांडव नाय, तर बसतील कुठं? परत कसे जातील?”

मी मान डोलावली. माझ्या वहीत त्या जागी मी ‘अपूर्ण’ असा शेरा मारला, जसा प्रयोगशाळेत मारत असे.

पुढचे दोन महिने मी त्या मुलीच्या मागे लागलो. अर्धा मजकूर घेऊन तुलना होत नाही, बाई गुण कापतील, मी तुला पूर्ण वही दिली आणि तू मला फाटकं देतेस. शेवटचं वाक्य तिला लागलं. घेतलं तर द्यावं लागतं, असं तिने मानलं. एका दुपारी केंद्राच्या जिन्यात तिने मला घडी केलेला कागद दिला. तिला ते आवतण पाठ होतं.

“वाचा आनि उद्या परत द्या. तुमाला समजायला पायजे म्हनून देते. तोंडानं म्हनू नका. चाल तर लावूच नका.”

“नाही म्हणणार.”

दुसऱ्या दिवशी मी कागद परत दिला. त्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढून घेतली होती.

सादरीकरण फेब्रुवारीत होतं. बाहेरून दोन परीक्षक आले होते, हॉल भरलेला होता, मुलांचे आईवडीलही काही आले होते. सकाळी दारातच तिने मला गाठलं. “काका, ते आवतण तेवढं नाय हां.” मी म्हणालो, “एकदा सांगितलंस ना.” म्हणजे तिने दोनदा सांगितलं. हा आकडा मला कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल.

तिचा नंबर माझ्या आधी. ती माझ्या आईच्या वहीवर वीस मिनिटं बोलली आणि मी माझ्या आईची गाणी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. पडद्यावर ओळी येत होत्या. प्रत्येक गाण्यात एका जागी कोरी जागा होती. एका परीक्षकाने विचारलं, “इथे शब्द गळलाय का?”

“नाय सर. ते नाव काकांच्या घरात लिहिलंय तसं वाचत नाहीत. म्हनून मी उतरवलंच नाय. जागा ठेवली.”

परीक्षक टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे सगळा हॉल. बाईंनी तर डोळे पुसले. माझ्या आईच्या वहीसाठी, माझ्या लोकांच्या देवासाठी, टाळ्या हिला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. साध्या भाषेत सांगायचं तर मी जळलो. बासष्टाव्या वर्षी एका पोरीवर जळलो.

मग मी उठलो. माझा निबंध बरा होता, पण त्यात त्या कोऱ्या जागेसारखं काही नव्हतं. पाच मिनिटांत मला समोरच्या जांभया दिसू लागल्या. परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, “गाण्याचा एखादा नमुना ऐकवा ना, आजोबा.”

ऐकवायला माझ्याकडे पंधरा धवले होते. हळदीचा होता, मांडवातल्या उंबराच्या फांदीचा होता, वरमाईला चिडवायचा होता, तो ऐकवला असता तर हॉल हसला असता. मी खिशातून झेरॉक्स काढली. शब्बाथला, आमच्या शनिवारच्या प्रार्थनेत, मी पुढे उभा राहून गात असे. गळा चांगला आहे, तेव्हा अजूनच होता. मी ते आवतण सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाकीच्या धवल्यांच्या चालीवर, हात वर करून म्हटलं. त्यातले शब्द मी इथे लिहिणार नाही. एवढा तरी शहाणपणा नऊ वर्षांत आला आहे.

टाळ्या मला जास्त पडल्या.

मला कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. मला न कळायला मी कोण शहरातला पाहुणा होतो? जे तोंडातून काढायचं नसतं ते काय असतं हे मी आईच्या मांडीवर शिकलो होतो. दोन वर्षं तुलना शिकलो आणि जी एकच तुलना करायची होती, माझ्या घरातलं न उच्चारायचं नाव आणि तिच्या घरातलं न म्हणायचं गाणं, ती तिने केली. मी ती करून, समजून, बाजूला ठेवली.

हॉलबाहेर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. आवाज न चढवता तिने विचारलं, “आता त्यांना परत कोन पाठवनार?”

“अगं, हे शैक्षणिक आहे,” मी म्हणालो. आणि हसलो.

“तुमच्या आईचं नाव सांगा मला,” ती म्हणाली. “माझ्या आत्याला सांगते, पुढच्या लग्नात तिलापन बोलव. मग तुमी परत पाठवा.”

मी तिला उद्धट म्हणालो. ती निघून गेली. त्यानंतर ती केंद्रावर आली नाही.

एका मुलाने मोबाइलवर माझं गाणं टिपलं होतं. ते केंद्राच्या ग्रुपवर आलं, तिथून आणखी दहा ठिकाणी, आणि आठ दिवसांत कोळीवाड्यात पोचलं. लग्नसराई तोंडावर होती. दोन घरांनी आत्याऐवजी दुसऱ्या गावची धवलारीण ठरवली. आवतण बाहेर दिलेल्या बाईचा पाय मांडवात नको. त्याच पंधरवड्यात खाडीत मेलेली मासळी वर आली. एरवी मासे मेले की ते लोक कारखान्यांना शिव्या घालत. त्या वर्षी म्हणाले, बोलावलेले उपाशीच राहिले, परत गेले नाहीत, खाडीवर बसलेत. तेहतीस वर्षं पाण्याचे नमुने तपासलेला माणूस करंजाड्यात बसून हे ऐकत होता. जाऊन दोन शब्द सांगणं त्याला सुचलं नाही. सुचलं होतं, गेलो नाही.

मग ते माझ्याकडे आले. मुलीचे वडील आणि गावकीतले दोघे. फ्लॅटच्या दारात चपला काढल्या, पाणी नको म्हणाले. वडिलांच्या हातात नव्या पिवळ्या कापडात गुंडाळलेली आईची वही होती. मी “ठेवा” म्हणून समोरच्या सतरंजीकडे हात केला. ते तसेच उभे राहिले.

“खाली ठेवायची नाय म्हनून पोरीनं सांगितलंय.”

मी उठून ती हातात घेतली. मग त्यांनी विचारलं.

“सर, आमी भांडायला नाय आलो. एकच सांगा. आमची पोर म्हनते, तिनं तुमाला नको म्हनून सांगितलं होतं. आमची बहीन म्हनते, पोरीनं गुनांसाठी गानं विकलं. तुमी शिकलेले, वयानं मोठे. तुमी सांगाल ते आमी मानू. पोरीनं सांगितलं होतं का नाय?”

माझ्या छातीशी वही होती. तीन माणसं वाट बघत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, बाईंकडे तक्रार गेली असती, निकाल अडला असता, कदाचित पदवी गेली असती. त्या पदवीचं मी काय लोणचं घालणार होतो? पण आत्याने भाचीला पुन्हा पाटाशेजारी बसवलं असतं. ‘हो’ म्हटल्याने फक्त मी उघडा पडणार होतो.

“नाही,” मी म्हणालो. “असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.”

दोघांपैकी एक जण म्हणाला, “बघ. मी म्हनत होतो.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घालताना ते स्वतःशीच म्हणाले, “एवढा म्हातारा मानूस कशाला खोटं बोलेल?”

पुढे बाईंनी विचारलं तेव्हा मी तेच लेखी दिलं. ते पत्र विभागाच्या फाइलीत असेल. ते खोटं आहे, हे मी इथे लिहून देतो. मला पहिला वर्ग मिळाला. मुलीने प्रबंधिका दिलीच नाही. आत्याने तिला शिकवणं बंद केलं. मला हे बाईंकडून कळलं, आणि सांगताना त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्यावरून मला वाटतं त्यांना खरं काय ते समजलं होतं. त्यांनी मला तोंडावर पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खोटंच बोललो असतो.

मुलगी आता एका शाळेत शिकवते. पनवेलच्या मासळी बाजारात दोनदा समोर आली. एकदा मी “काय, कसं काय” असं काहीतरी पुटपुटलो. शेजारच्या बाईने तिला विचारलं, “कोन गं हे?” ती म्हणाली, “कोन नाय. रिपोर्ट देतात.” आणि पुढच्या टोपलीतल्या बोंबलांचा भाव विचारू लागली.

तीन वर्षांपूर्वी कळलं की आत्या पनवेलच्या एका दवाखान्यात आहे. मी गेलो. यावेळी नक्की सांगायचं ठरवून, वाक्य घोकून गेलो. सकाळची भेटीची वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं; तिचा भाऊ, म्हणजे मुलीचे वडील, औषधं आणायला खाली गेले होते. ती उशीला टेकून बसली होती, पार वाळलेली. मला तिने लगेच ओळखलं.

“म्हातारा विद्यार्थी,” ती म्हणाली. “पास झालात?”

“झालो.”

“मोबाइलवर ऐकलं मी तुमचं. गळा चांगला हाय. दुसऱ्या कडव्याला श्वास चुकीच्या जागी घेता.”

मी स्टुलावर बसलो. ती खिडकीकडे बघत बोलत होती. तिच्यानंतर गावात आता कुणी नाही, लग्नात स्पीकर लावतात, असं काय काय. मग एकदम माझ्याकडे वळली.

“पोर अजून म्हनते, मी काकांना सांगितलं होतं. नऊदा इचारलं तरी तेच म्हनते. मरायच्या आधी मला कळूद्या. मी तिला उगाच टाकली का?”

मला अडवणारं तिथे कुणी नव्हतं. ना परीक्षक, ना गावकी, ना निकाल. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. मी पिशवीतली मोसंबी काढून तिच्या टेबलावर एकामागून एक ठेवू लागलो. सहा होती. सहावं ठेवून होईपर्यंत ती थांबली. मग डोळे मिटून म्हणाली, “बरं. जावा तुमी.”

जिन्यात मुलीचे वडील भेटले. त्यांनी मला नमस्कार केला. आत्या त्या आठवड्यात गेली. तिच्या बाराव्याला मी कोळीवाड्याच्या वेशीपर्यंत गेलो आणि रिक्षा वळवून परत आलो.

पुढे त्यांच्या घरी कधी लग्न निघालं, आणि कुणी ते आवतण म्हणणारं उरलं असेल, तर मेलेल्यांत आत्यालाही बोलावतील. माझ्यासारख्याला त्या मांडवात जागा नाही, आणि माझा शब्द तिथपर्यंत पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जे स्टुलावर बसून सांगायला गेलो होतो, ते लिहितो.

बाय, पोरीनं सांगितलं होतं. जिन्यात एकदा आणि त्या दिवशी सकाळी दारात एकदा. मी दोन्ही वेळा नीट ऐकलं होतं. तिचं काही चुकलं नाही. खोटं मी बोललो. मला माफ करू नका, पण तिला जवळ घ्या.